ठिपके तेच, प्रजाती वेगळ्या : रंगीत सी-स्लग ओळखायचा कसा

निळसर करडं अंग, त्यावर काळपट निळे आणि पिवळे ठिपके, पुढे लाल शिंगांची जोडी, मागे कल्ल्यांचा तुरा. लाल समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत कुठेही असा सी-स्लग, म्हणजे समुद्रातली बिनशंखाची गोगलगाय, कुणाला दिसला, की त्याच्या फोटोखाली बहुधा एकच नाव येतं : हिप्सेलोडोरिस इन्फुकाटा. ते बरोबरही असेल. पण जवळपास याच वर्णनात बसणाऱ्या आणखी चार प्रजातींना आज स्वतंत्र नावं आहेत : ऑब्स्क्युरा, कांगा, कन्फेटी आणि रू. त्यांतल्या शेवटच्या दोघींना नाव मिळालं ते थेट २०१८ साली. तोवर त्यांचे फोटो निघत होते, छापले जात होते, फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने.

या प्राण्यांत रंग आपल्याला गटापर्यंत नेतो आणि तिथेच थांबतो. पुढे प्रजाती ठरते ती कल्ल्यांच्या घडणीवर, दातांवर, जननेंद्रियांवर, डीएनएवर आणि प्राणी नेमका कुठे सापडला यावर. त्यामुळे फोटो काढतानाच काय टिपायचं हे माहीत असलं तर ओळख पटण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आधी प्राणी कोणता ते ठरवा

ओहोटीच्या खडपांत रंगीत, मऊ आणि सरपटणारं जे जे दिसतं ते सगळं सी-स्लग नसतं. सगळ्यात जास्त फसवतात ते चपटे कृमी. तेही भडक रंगाचे असतात आणि त्यांनाही पुढे शिंगांसारखं काहीतरी दिसतं. पण चपटा कृमी कागदाइतका पातळ असतो, त्याची शिंगं म्हणजे अंगाच्या कडेलाच पडलेल्या दोन घड्या असतात आणि पाठीवर कल्ले अजिबात नसतात. सी-स्लगची शिंगं अंगातून वेगळी उगवलेली असतात. त्यांना राइनोफोर म्हणतात. पाण्यातला वास हुंगण्याचं ते इंद्रिय आहे आणि बहुतेक रंगीत प्रजातींत त्यावर आडव्या पातळ पडद्यांच्या चवडी दिसतात.

आता कल्ले बघायचे. पाठीवर मागच्या बाजूला, गुदद्वाराभोवती गोल तुरा असेल तर तो डोरिड गटातला. पाठभर बोटांसारखी लांब टोकं असतील तर एओलिड. पाठ कडक आणि गाठींची असून वर कल्ले दिसतच नसतील, तर फिलिडिया कुळाचा विचार करावा. त्यांचे कल्ले पाठीच्या कडेखाली लपलेले असतात. आपला ठिपकेवाला डोरिड आहे, आणि त्यातही क्रोमोडोरिडिडी या कुळातला. मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, न्युडिब्रँक गण, क्रोमोडोरिडिडी कुळ, हिप्सेलोडोरिस प्रजाती-गट म्हणजे जीनस, आणि शेवटी इन्फुकाटा, असा त्याचा पत्ता. जुन्या पुस्तकांत मधे 'ओपिस्थोब्रँक' असा एक मोठा गट सापडेल. डीएनएच्या अभ्यासानंतर तो नैसर्गिक गट नाही हे स्पष्ट झालं, म्हणून वर्गीकरणात तो आता वापरत नाहीत.

कुळ कळलं की जीनसकडे. इथे बाहेरून दिसणारी एक खूण बऱ्यापैकी उपयोगी पडते. हिप्सेलोडोरिसचं अंग उंच असतं आणि पाठीवरच्या कातडीची, म्हणजे प्रावाराची, कड अरुंद असते. वरून पाहिलं तरी बाजू आणि शेपटीकडचा पाय दिसतो. गोनिओब्रँकस आणि क्रोमोडोरिस यांची कड सहसा रुंद असते, बसका प्राणी वाटतो. गोनिओब्रँकसच्या काही प्रजाती तर चालता चालता ही कड वरखाली हलवतात. अशी हालचाल दिसली तर दहा सेकंदांचा व्हिडिओ नक्की घ्यावा, कारण मेलेल्या नमुन्यात ती कधीच कळणार नाही.

रंग का फसवतो

हे प्राणी स्पंज खातात आणि स्पंजातली विषारी रसायनं स्वतःच्या अंगात साठवतात. हिप्सेलोडोरिसचा मुख्य आहार डिसिडिया जातीचे स्पंज. साठवलेली रसायनं प्रावाराच्या कडेतल्या खास ग्रंथींत भरलेली असतात, म्हणजे मासा जिथे पहिल्यांदा तोंड लावणार तिथेच. भडक रंग ही माशांना दिलेली सूचना आहे. आणि सूचना जितकी सारखी तितकी ती माशांच्या लवकर लक्षात राहते. एकाच किनाऱ्यावरच्या चार विषारी प्रजातींची नक्षी एकसारखी झाली तर चौघींचाही फायदा होतो. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियात असंच झालेलं आहे. पांढरं अंग, लाल ठिपके आणि पिवळी कड ही नक्षी तिथे वेगवेगळ्या जीनसमधल्या अनेक प्रजातींत दिसते. नातं दूरचं, पण अंगावरचा रंग एकच.

त्याच नक्षीतल्या गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस या प्रजातीवर झालेलं काम ओळख पटवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिच्या लाल ठिपक्यांचा आकार आणि संख्या प्राण्यागणिक बदलते. पिवळी कड मात्र फारशी बदलत नाही. प्रयोगात मासेही ठिपक्यांपेक्षा कडेवरच जास्त विसंबून होते. म्हणून वर्णन लिहिताना ठिपके मोजण्याआधी कडेचे पट्टे लिहा : किती, बाहेरून आत कोणत्या क्रमाने, अखंड की तुटक.

उलटंही घडतं. प्रजाती एकच आणि रंग दोन. हिप्सेलोडोरिस इबा ही प्रजाती २०१८ सालीच नावानिशी पुढे आली. जांभळट आणि पांढरट अशा दोन निराळ्या रूपांचे प्राणी एकमेकांशी मिलन करताना दिसले आणि डीएनए तपासल्यावर ती एकच प्रजाती ठरली. त्याच अभ्यासात हिप्सेलोडोरिसच्या एकूण १७ नव्या प्रजातींचं वर्णन झालं. कन्फेटी आणि रू त्यांतल्याच. काळ्या-निळ्या रेघांच्या क्रोमोडोरिसमध्येही तसंच. २०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलं की तिथे एका प्रजातीत रेघा बदलतात आणि दोन वेगळ्या प्रजातींच्या रेघा एकमेकींसारख्या होतात. मैदानी ओळखपुस्तिकेतल्या एका फोटोशी ताडून नाव देणं या जीनसमध्ये फार धोक्याचं आहे.

पाचांतली एक निवडताना

इन्फुकाटाचं पहिलं वर्णन रुपेल आणि लॉयकार्ट यांनी १८३० साली लाल समुद्रातून केलं. ऑब्स्क्युराचं स्टिम्पसनने १८५५ साली सिडनीच्या बंदरातून. कांगाचं रडमनने १९७७ साली, टांझानियातून. कांगा वेगळी काढताना रडमनने भर दिला तो कल्ल्यांवर, आणि आजही पहिली चाचणी तीच. कल्ल्याची एक पाकळी आडवी कापली असती तर कापाचा आकार त्रिकोणी दिसला असता का? त्या त्रिकोणाच्या बाहेरच्या सपाट बाजूवर पिवळ्या ठिपक्यांची ओळ आहे का? असेल तर प्राणी कांगाच्या बाजूचा. इन्फुकाटाचे कल्ले साधे असतात, फिकट, कडेने लाल रेघ. मग राहतो कांगा आणि कन्फेटी यांच्यातला घोळ, कारण पश्चिम पॅसिफिकमधले बरेच 'कांगा' पुढे कन्फेटी निघाले. इथे एका फोटोवरून हात टेकायचे आणि जागा विचारात घ्यायची. पूर्व आफ्रिकेतल्या नमुन्याला कांगा म्हणणं आणि फिलिपिन्समधल्या नमुन्याला कांगा म्हणणं यांत आता खूप फरक आहे.

जागा हा पुरावा आहे, पण एकट्याने पुरेसा नाही. इन्फुकाटा स्वतः सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात पोचलेली आहे. म्हणजे 'ही प्रजाती इथे असूच शकत नाही' असं कुणी म्हणालं तरी प्राण्याचे कल्ले काय सांगतात ते आधी पाहावं.

किनाऱ्यावर काय टिपायचं

कोकणात खडपांवर जायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण निवडावं. त्या दिवसांत ओहोटी खोल जाते. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाणी अर्ध्या मीटरच्या खाली जाणारा दिवस शोधा आणि सगळ्यात खालच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाण्याच्या मागे मागे खाली सरकता येतं. पाणी वळलं की निघायचं. पावसाळ्यात खवळलेला समुद्र आणि गढूळ पाणी यामुळे हा उद्योग करू नये.

डबक्यात सी-स्लग सापडला की त्याला हात लावायची घाई नको. धक्का लागताच तो कल्ले आत ओढून घेतो, आणि कल्ले नसलेला फोटो म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा पुरावा नसलेला फोटो. दोन-तीन मिनिटं थांबलं की तुरा परत फुलतो. पाण्याबाहेर काढून फोटो काढणं तर टाळाच. पाण्याबाहेर कल्ले आणि शिंगं लोळागोळा होतात, ठिपक्यांचा आकारही बदलतो.

कमीत कमी पाच फोटो हवेत. पूर्ण प्राणी सरळ वरून, तो ताठ चालत असताना. एका बाजूने, म्हणजे अंगाची उंची आणि बाजूवरची नक्षी दिसते. फक्त कल्ले, जितक्या जवळून जमेल तितक्या जवळून, आणि शक्यतो तिरक्या बाजूने, कारण पाकळीची बाहेरची बाजू वरून दिसत नाही. फक्त राइनोफोर : टोकाचा रंग, मधला पट्टा, बुडाचा रंग. आणि शेवटी प्राणी ज्यावर बसला आहे तो स्पंज. हा पाचवा फोटो लोक नेहमी विसरतात. स्पंजाचा रंग आणि पोत कळला तर आहार कळतो, आणि आहारावरून जीनसचा अंदाज घट्ट होतो. शेजारी अंड्यांची फीत गुंडाळलेली दिसली तर तीही घ्या : रंग, किती वेढे, फीत उभी आहे की आडवी चिकटलेली.

सोबत मोजपट्टी किंवा नाणं असू द्या, पण प्राण्याच्या अंगावर नाही, शेजारी. लांबी प्राणी चालत असतानाची लिहायची. आखडलेला सी-स्लग निम्म्याने लहान दिसतो.

डायव्हिंग करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. काही मीटर खोलीवरच लाल शिंग तपकिरी किंवा काळं दिसू लागतं. टॉर्च किंवा फ्लॅश न लावता काढलेल्या फोटोवरून 'शिंगं काळी, म्हणून नवी प्रजाती' असं म्हणण्यात अर्थ नाही. फोटोसोबत खोली आणि प्रकाश कोणता होता ते लिहून ठेवा.

प्राणी उचलून घरी न्यायची गरज नाही. मालवण सागरी अभयारण्यासारख्या १९८७ पासून संरक्षित असलेल्या भागात तर परवानगीशिवाय काहीच गोळा करता येत नाही, आणि भारतातले नमुने अभ्यासासाठी परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायद्याखालची मंजुरी लागते. नमुना घेणं हे संशोधन संस्थांचं काम आहे. ते कसं होतं हे मात्र समजून घेतलेलं बरं, कारण नावावरचे वाद तिथेच सुटतात.

बरणीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली

जिवंत सी-स्लग थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आकसून गोळा होतो. शिंगं, कल्ले आणि जननेंद्रियं आत ओढली जातात आणि नमुना जवळपास निरुपयोगी होतो. म्हणून आधी त्याला बधिर करतात. साधारण ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट गोड्या पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण करायचं, ते समुद्राच्या पाण्यात हळूहळू मिसळत निम्मं-निम्मं होईपर्यंत न्यायचं. टाचणीने हळूच स्पर्श केल्यावर काहीच हालचाल होत नाही, तोवर थांबायचं. आकारानुसार पंधरा मिनिटं ते तासभरही लागतो. घाई केली की सगळा खटाटोप वाया.

त्यानंतर ९५ टक्के इथेनॉल, प्राण्याच्या आकारमानाच्या किमान दहापट. दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण प्राण्याच्या अंगातलं पाणी मिसळून अल्कोहोल पातळ झालेलं असतं आणि डीएनए सडू लागतो. फॉर्मेलिनमध्ये आकार छान टिकतो, पण डीएनए खराब होतो. जुन्या संग्रहांतल्या कितीतरी नमुन्यांचा डीएनए याच कारणाने मिळत नाही. आणि रंग? तो अल्कोहोलमध्ये झपाट्याने उडून जातो. दीडशे वर्षांपूर्वीची वर्णनं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं : त्यांतल्या काहींच्या लेखकांनी जिवंत प्राणी पाहिलेलाच नव्हता, बरणीतला पांढरा पडलेला नमुना पाहून वर्णन केलं होतं.

दातांचा पट्टा, म्हणजे रॅड्युला, काढण्यासाठी तोंडाचा स्नायूगोळा कापून दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. मांस विरघळतं, कायटिनचे दात उरतात. ते पाण्यात धुऊन, वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नोंद सूत्रात होते. समजा ६० × ५५.०.५५ असं लिहिलं असेल तर दातांच्या ६० रांगा, प्रत्येक बाजूला ५५ दात आणि मधला दात नाही. हिप्सेलोडोरिसमध्ये मधला दात सहसा नसतो आणि बाजूच्या दातांचं टोक दुभागलेलं असतं. क्रोमोडोरिसच्या दातांना एकच टोक असतं, कडेला बारीक दाते. मात्र दोन नमुन्यांची संख्या ताडताना ते सारख्याच लांबीचे हवेत. पिल्लाच्या रॅड्युलात रांगा कमी असतात, आणि केवळ त्यामुळे कुणी त्याला वेगळी प्रजाती ठरवू नये.

डीएनएसाठी पायाच्या कडेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो. पोटाजवळचा तुकडा घेतला तर त्यात खाल्लेल्या स्पंजाचा डीएनए मिसळून येतो. सी-स्लगचा चिकट श्लेष्मा ही दुसरी पीडा. तो पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची, प्रक्रियाच अडवतो, म्हणून तुकडा आधी नीट धुतात. बहुतेक वेळा सीओआय नावाच्या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा भाग वाचला जातो, जोडीला मायटोकाँड्रियातलंच १६एस हे जनुक. पण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, एकट्या त्यांच्या साक्षीवर प्रजाती ठरवणं अपुरं. म्हणून केंद्रकातलं एखादं जनुक, बहुधा एच३ किंवा २८एस, सोबत घेतात. आणखी एक खड्डा म्हणजे सार्वजनिक माहितीसाठ्यातली नावं. ज्याने क्रम जमा केला त्याने त्या दिवशी दिलेलं नाव तिथे तसंच राहतं. तुमचा क्रम 'कांगा'शी तंतोतंत जुळला याचा अर्थ फक्त इतकाच की तो त्या प्राण्याशी जुळला, ज्याला कुणीतरी कांगा म्हटलं होतं. मूळ नमुना कुठला, त्याचा फोटो आहे का, हे पाहिल्याशिवाय नाव उचलू नये.

नाव कसं बदलतं : मुंबईचा एक सी-स्लग

१९४६ साली विन्कवर्थने मुंबईच्या किनाऱ्यावरच्या सी-स्लगांवर लेख लिहिला आणि त्यात ग्लॉसोडोरिस बॉम्बेयाना या प्रजातीचं वर्णन केलं. पुढे ती क्रोमोडोरिस बॉम्बेयाना झाली. मग २०१२ साली जॉन्सन आणि गॉस्लायनर यांनी सीओआय आणि १६एस वापरून सगळ्या क्रोमोडोरिडिडी कुळाची वंशावळ मांडली. त्यात क्रोमोडोरिस म्हणून एकत्र ठेवलेल्या प्रजाती प्रत्यक्षात वेगवेगळ्या फांद्यांवर निघाल्या. एका फांदीसाठी पीसने १८६६ साली दिलेलं आणि पुढे अडगळीत पडलेलं गोनिओब्रँकस हे नाव परत वापरात आलं. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमधले 'हिप्सेलोडोरिस' फेलिमारे झाले. आपला मुंबईचा प्राणी गोनिओब्रँकसमध्ये गेला.

आज त्याचं नाव असं लिहितात : गोनिओब्रँकस बॉम्बेयानस (विन्कवर्थ, १९४६). कंस शोभेसाठी नाही. मूळ वर्णन वेगळ्या जीनसखाली झालं होतं, हे तो सांगतो. हिप्सेलोडोरिस कांगा रडमन, १९७७ याला कंस नाही, कारण ती पहिल्यापासून तिथेच आहे. आणि 'बॉम्बेयाना'चं 'बॉम्बेयानस' झालं कारण नव्या जीनसचं लिंग पुल्लिंगी आहे आणि प्रजातीच्या विशेषणाला त्याच्याशी जुळावं लागतं. जुन्या संदर्भांत शोध घेताना तिन्ही जीनस आणि दोन्ही शेवट टाकून पाहावे लागतात, नाहीतर निम्म्या नोंदी हातातून निसटतात.

प्रत्येक नाव एका जागेला बांधलेलं असतं, जिथून मूळ नमुना आला ती जागा. 'ही खरी बॉम्बेयानस का' असा वाद उद्या निघाला तर ऑस्ट्रेलियातल्या किंवा ओमानमधल्या नमुन्यापेक्षा मुंबईच्या खडपांवरच्या प्राण्याचा शब्द वरचढ ठरतो. त्यामुळे मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या तारीख-जागेसह काढलेल्या साध्या फोटोंना मोल आहे. २०२० साली पश्चिम भारतातून क्राटेना पोशित्राएन्सिस आणि क्राटेना पवारशिंदेओरम या दोन एओलिड प्रजातींचं वर्णन झालं, तेही शरीररचना आणि डीएनए दोन्ही जोडून. आपल्या किनाऱ्यावर नाव नसलेले प्राणी अजून आहेत हे त्यातून दिसतं.

आपली नोंद टाकताना खात्री किती आहे ते नावातच सांगायची सोय आहे. जीनस पक्का आणि प्रजाती माहीत नाही, तर 'हिप्सेलोडोरिस एसपी.' लिहा. इन्फुकाटासारखा दिसतो पण कल्ले स्पष्ट दिसले नाहीत, तर 'हिप्सेलोडोरिस सीएफ. इन्फुकाटा'. इन्फुकाटाच्या जवळचा आहे पण ती नाही असं ठामपणे वाटत असेल, तर 'एएफएफ. इन्फुकाटा'. 'एसपी.' लिहिलेली नोंद, सोबत कल्ल्यांचा जवळून घेतलेला फोटो, स्पंजाचा फोटो, लांबी, तारीख आणि अक्षांश-रेखांश असेल, तर ती पूर्ण नाव ठोकून दिलेल्या धूसर फोटोपेक्षा अभ्यासकांच्या कितीतरी जास्त कामाची असते. पुढे वर्गीकरण बदललं तरी तिच्यावर योग्य नाव चढवता येतं. धूसर फोटोवरचं चुकीचं नाव मात्र नकाशात तसंच राहतं आणि प्रजातीचा विस्तार शेकडो किलोमीटर खोटा वाढवून ठेवतं.